दिव्याला पडलेलं खळं

आंधळगाव,
१० जानेवारी १९८७

चि. रुखमा हिस,
सेवकराम मामाचे अनेक आशीर्वाद.

काल सकाळी मी बोडीवरच्या महादेवाच्या देवळातले सगळे पितळी दिवे टोपल्यात भरून बोडीच्या तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर नेले आणि चिंच-राखेने घासत बसलो. पोस्टमन तिथेच येऊन पत्र देऊन गेला. तुझं अंतर्देशीय मी ओल्या हातांनीच फोडलं आणि उन्हाकडे धरून वाचलं. कागदात आणि शाईत काही फरकच दिसेना. घरात तर एक अक्षर लागलं नसतं. पुढच्या वेळी काळ्या शाईने लिही. हल्ली शाईसुद्धा पहिल्यासारखी येत नाही.

तू विचारलंस की बोडीवर रात्र कशी दिसते ते सविस्तर कळवा, मला ती कॉम्प्युटरवर करायची आहे. चिखल्याच्या खाण-वसाहतीत वाढलेली पोर मुंबईला जाऊन एवढं मोठं यंत्र शिकते, आणि त्यात काढायला तिला मामाच्या गावची बोडीच आठवते, याचा आनंद झाला. तुझ्या मामीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "रात कराले यंत्र कायले लागते? शाईची बाटली सांडाची, झाली रात." आणि स्वतःच्याच बोलण्यावर बराच वेळ हसली.

आता ऐक. तू लहानपणी उन्हाळ्यात यायचीस तेव्हा होतं तसंच सगळं आहे. पायऱ्या, त्यांच्या डोक्यावर देऊळ, देवळासमोर दगडी दीपमाळ आणि पाण्यावर झुकलेलं मोहाचं झाड. दीपमाळेवर त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावतो, तीच रात्र तू घे. चंद्रही असतो आणि दिवेही असतात. एक गोष्ट मात्र नीट लिहून ठेव. प्रत्येक दिव्याला खळं पडतं. पावसाळ्यात चंद्राला पडतं ना, तसंच. ते खळं नसेल तर ती आपली बोडी नव्हे.

मामी विचारते, तिथे भाकरी मिळते का.

तुझा,
सेवकराम मामा


मुंबई,
२५ जानेवारी १९८७

ती. मामाजींना सा. नमस्कार.

काळ्या शाईने लिहीत आहे. भाकरी मिळत नाही, पाव मिळतो. मामींना सांगू नका.

यंत्र चित्र कसं काढतं ते तुम्हाला सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल. पडदा म्हणजे रांगोळीच्या ठिपक्यांसारखे बारीक बारीक ठिपके. एकेका ठिपक्यासाठी यंत्राला हिशेब करावा लागतो. इथून सरळ पाहिलं तर काय आडवं येतं, पायरी, पाणी की झाड? आणि तिथवर कोणत्या दिव्याचा उजेड किती पोचतो? दिवा दुप्पट लांब गेला की उजेड चौथाई राहतो. असा हिशेब यंत्र रात्रभर करत बसतं आणि सकाळी आम्ही येऊन पाहतो, काय निघालं ते.

जे निघतं ते वाईट निघतं. फक्त चंद्र ठेवला तर सावल्या डांबर ओतल्यासारख्या होतात, मोहाचं झाड आहे की भिंत तेच कळत नाही. म्हणून चहूकडून थोडाथोडा उजेड मिसळला, तर रात्र जाते आणि पहाट होते. आमचे पाठक सर म्हणाले, "ही रात्र नाही. हा निळ्या काचेतून पाहिलेला दिवस आहे." वर्ष संपताना प्रत्येकाला आपलं एक चित्र सगळ्यांसमोर मांडायचं असतं. बाकीचे चहाची किटली नि बुद्धिबळाचा पट काढतात. घराबाहेरची रात्र घेणारी मी एकटीच, आणि माझी बोडी अजून बोडीसारखी दिसत नाही.

तुमच्या खळ्याने मला आशा वाटते. ते धुक्यामुळे पडतं ना? कार्तिकात पाण्यावर धुकं धरत असेल. तसं असेल तर मी हवेत बारीक थेंब आहेत असं यंत्राला सांगीन. खळं केवढं असतं, कोणत्या रंगाचं, तेवढं कळवा. आणि रात्र निळीच धरू ना?

तुमची,
रुखमा


आंधळगाव,
२ मार्च १९८७

चि. रुखमा हिस, आशीर्वाद.

महाशिवरात्रीच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. यंदा गर्दी फार. त्यात एक फजिती झाली. देवळाच्या कोपऱ्यात कोणी म्हातारं माणूस घोंगडी पांघरून बसलेलं दिसलं. मी वाकून प्रसाद पुढे केला, "घ्या बुवा" म्हणालो. तो शेजारच्या ताराचंदचा गोऱ्हा निघाला. त्याने प्रसाद घेतला. ताराचंद तेव्हापासून त्या गोऱ्ह्याला बुवाच म्हणतो.

तुझ्या प्रश्नांकडे येतो. निळी कशी धरशील? रात्र निळी नसते. सिनेमावाले तसं दाखवतात म्हणून आपण मानतो. मी रोज पाहतो. काकवी असते ना, गुळाची, तसा तिचा रंग. दाट, तपकिरी, थोडी पिवळी झाक.

आणि खळं धुक्याचं नाही. धुकं नसलं तरी ते असतं. घरच्या बल्बाला असतं, मोटारीच्या दिव्याला असतं. थाळीएवढं गोल. आतून निळसर असावं असं वाटतं, कडेला तांबूस.

हे तुला सांगावं की नाही याचा मी विचार करत होतो. मामीलाही सांगितलेलं नाही. पण तू चित्र करते आहेस, तुला खरं ठाऊक हवं. हे खळं सगळ्यांना दिसत नाही. भय्याजी पुजारी गेले आणि देवळाची दिवाबत्ती माझ्याकडे आली, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत ते दिसायला लागलं. आधी फिकं होतं, आता भरत चाललं आहे. मी काही साधुसंत नाही, चौथीपर्यंत शिकलेला धानवाला माणूस आहे. पण रोज कोणाच्या तरी दारात दिवा लावत राहिलं, तर घरधनी कधीतरी वळून बघत असेल, एवढं मानायला काय हरकत आहे? कोणाला सांगितलं तर लोक पाया पडतील नाहीतर हसतील. दोन्ही नको.

तुझ्या चित्रात मात्र ते येऊ दे. मी जे बोलून दाखवत नाही ते तुझं यंत्र दाखवील.

सेवकराम मामा


मुंबई,
१४ एप्रिल १९८७

ती. मामाजींना सा. नमस्कार.

सोबत फोटो पाठवते. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा लावून पडद्याचाच काढलेला आहे. काकवीच्या रंगाची रात्र, आणि दीपमाळेच्या प्रत्येक दिव्याला तुम्ही सांगितलं तसं खळं, आतून निळसर, कडेला तांबूस. सकाळी ते पडद्यावर आलं तेव्हा किटलीवाले सगळे उठून माझ्या टेबलाशी आले. मामाजी, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मग पाठक सर आले. चित्र सुंदर आहे म्हणाले. आणि विचारलं, "हे दिवे कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेत?" मी म्हटलं, माझ्या मामांच्या. त्यांनी तुमचं वय विचारलं. मग म्हणाले, "माझ्या आईला दिवे असेच दिसायचे. रात्रही अशीच पिवळट दिसायची. मोतीबिंदू काढल्यावर ते गेलं."

हे कसं लिहू ते दोन दिवस सुचलं नाही. मी तुमचं काही हिरावून घेते आहे असं वाटतं. पण न लिहिणं त्याहून वाईट. सरांनी एक साधी परीक्षा सांगितली आहे. दिव्यापासून थोडं लांब बसा आणि अंगठा असा धरा की फक्त ज्योत झाकली जाईल. खळं जर बाहेर हवेत असेल, तर ज्योत झाकली तरी अंगठ्याभोवती ते राहील. ज्योतीबरोबर तेही गेलं, तर ते डोळ्यात आहे.

करून पाहा आणि मला कळवा. रागावलात तरी कळवा.

रुखमा


आंधळगाव,
१ जून १९८७

रुखमाले मामीचा आशीर्वाद.

म्या तिसरीवरी शिकली, तं लिवता येते पण हासू नोको. तुह्या मामाले तुनं काय लिवलं? दीड महिना झाला, माणूस दिव्यापुढं अंगठा धरून बसते. जेवाले बलावलं तं म्हणते थांब. मंग डोळे मिटून बसते. कोणाशी बोलत नाई. इच्यारलं तं काई नाई म्हणते. तुही तीन पत्रं आली, उशाखाली ठेवली, उत्तर लिवलं नाई.

मंग म्या उशाखालचं सारं वाचलं. आता मले खळ्याचं समजलं. पोरी, डोळ्याचं मले कवाचंच मालूम हाय. रातीले देवळातून येताना ते भिताडाले हात लावत चालत. म्हणून म्या म्होरं चालतो, बांगड्या वाजवत, मोठ्यानं बोलत. आवाजाच्या मागं मागं ते बराबर येते. त्यायले वाटते, म्हातारपणी बायकोले बोलाची लत लागली. गावातल्या बायाबी तसंच म्हणते. म्हणू दे.

आजवरी म्या सांगतलं नाई, का त्यायले खाली पाहाले लागीन. आता तुनं सांगतलं तं बरं केलं. तू रडू नोको. त्यायले म्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेतो. उशीर लागीन, पण नेतो.

तुह्या फोटोत एक चूक हाय. पाण्यातले दिवे तुनं वरच्या दिव्याएवढेच काढले. पाण्यात दिवा लांब होते, काकडीसारखा. पाणी हाललं का तुटते अन् पुना जुळते. मी रोज पाह्यतो.

शकुनबाई


आंधळगाव,
२० डिसेंबर १९८७

चि. रुखमा हिस, अनेक आशीर्वाद.

नऊ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. तू काय विचार केला असशील ते मला कळतं.

अंगठ्याची परीक्षा मी तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी केली. ज्योत झाकली, खळं गेलं. अंगठा काढला, आलं. कितीतरी वेळा केली. कधीतरी एकदा ते राहील, एवढीच आशा. राहिलं नाही. मला डोळे जाण्याची भीती वाटली नाही बघ. वाईट याचं वाटलं की घरधनी वळून बघत नव्हता, माझंच भिंग गढूळ झालं होतं.

मामीने वाट पाहिली आणि धान घरात आल्यावर बोलली. भांडली नाही. म्हणाली, "महादेवानं डोळे देल्ले ते पाहाले. तुमी डोळ्यातला मळच पुजून राह्यले." मी म्हटलं, तुला काय समजतं त्यातलं. तेव्हा तिने बांगड्यांची गोष्ट सांगितली. तुला तिने ती आधीच कळवली होती, हेही तिनेच सांगितलं. रुखमा, इतकी वर्षं ही बाई माझ्यापुढे बोलत चालली आणि मी मनात तिला बडबडी म्हणत आलो. मग मी तिच्याबरोबर निघालो. भंडाऱ्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, तो आता काढू, डाव्याचं उन्हाळ्याआधी बघू.

पट्टी सुटली तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं असेल? समोरची भिंत. सरकारी चुन्याची, खाली निळा पट्टा मारलेली. मी उठून त्या निळ्यावर हात फिरवला. निळा रंग मी विसरलो होतो, आणि विसरलो हेही मला माहीत नव्हतं. आकाश, मामीचं लुगडं, तुझी पत्रं, सगळं निळं निघालं. शाईला मी उगाच नावं ठेवली. तिची तुझ्यामार्फत माफी मागतो. आणि रात्रीच्या रंगाबद्दल तू म्हणत होतीस तेच खरं होतं.

चष्मा दिला आहे तो बाटलीच्या बुडासारखा जाड आहे. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं. चहाचा कप धरायला गेलो की मूठ अलीकडेच मिटते, कप तिकडेच राहतो. घरी आल्यावर मामीला म्हणालो, डोळ्यावर पट्टी होती तेवढ्यात तू जाडी झालीस. त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

तुझ्या कामाचं एक सांगतो. परवा पायऱ्यांवर दिवा ठेवला आणि सहज वर पाहिलं. मोहाच्या फांद्या खालच्या अंगाने उजळल्या होत्या, आणि तो उजेड थरथरत होता. दिवा तर पायरीवर होता, फांद्यांच्या खाली पाणी. पाण्यावर पडलेला उजेड वर जाऊन झाडाला लागत होता. तुझ्या डांबरासारख्या सावल्यांना याचा काही उपयोग होतो का बघ.

तुझा,
सेवकराम मामा


मुंबई,
७ फेब्रुवारी १९८८

ती. मामाजी आणि ती. मामींना सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं आणि जिन्यातच रडले. मग प्रयोगशाळेत जाऊन सरांना वाचून दाखवलं. गोऱ्ह्याची गोष्टही सांगितली. सर अजून मध्येच "घ्या बुवा" म्हणून हसतात.

उपयोग होतो का विचारता? दिव्यातून निघालेला उजेड जिथे पडेल तिथे तो संपला, असाच मी हिशेब करत होते. पाणीही उजेड परत देतं, हे कागदावर मला माहीत होतं, पण ते चित्रात घालायचं सुचलं नव्हतं. सगळा खरा हिशेब करायला आमचं यंत्र पुरत नाही, म्हणून एक युक्ती केली. पाण्याखाली काही फार मंद दिवे पुरून ठेवले, वर तोंड केलेले. ते चित्रात दिसत नाहीत, पण त्यांचा उजेड फांद्यांना आणि देवळाच्या वळचणीला लागतो. सावल्यांचं डांबर गेलं आणि पहाटही झाली नाही. रात्र निळी केली. मामींच्या सांगण्यावरून पाण्यातले दिवे काकडीसारखे लांब केले. फोटो पाठवते आहे.

वर्षाचं काम म्हणून हेच चित्र मांडलं, ते पसंत झालं, आणि मला इथेच पुढे काम करायला ठेवून घेतलं आहे. पण सरांनी पहिलं चित्रही काढून टाकू दिलं नाही. दोन्ही भिंतीवर शेजारी शेजारी लावली आहेत. खाली मी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. काकवीच्या रंगाच्या चित्राखाली 'मामाची रात्र' आणि निळ्या चित्राखाली 'मामीची रात्र'. येणारा जाणारा पहिल्यापाशी जास्त वेळ उभा राहतो. मामाजी, ते खळं सुंदर होतं, यात काही खोटं नव्हतं.

आता डाव्या डोळ्याचं कधी?

तुमची,
रुखमा


आंधळगाव,
१८ डिसेंबर १९८८

चि. रुखमा हिस, अनेक आशीर्वाद.

तू वर्षभर प्रत्येक पत्रात एकच प्रश्न विचारलास आणि मी दर वेळी वेगळं कारण दिलं. ताराचंदच्या मुलीचं लग्न, मग धानाची रोवणी, मग दिवाळीनंतरची मंडईची जत्रा. कारणं खरी होती. पण खरं कारण ते नव्हतं. उजव्या डोळ्याने मला जग परत मिळालं होतं. डाव्यात अजून खळं होतं. संध्याकाळी दिवा लावला की मी उजवा डोळा मिटून क्षणभर बघायचो. ते काय आहे हे कळल्यावरसुद्धा बघायचो. डावा दिवसेंदिवस गढूळ होत होता, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की फार पिकू दिलात तर डोळाच जाईल. तरी वाटायचं, एक डोळा पाहायला आहे, एक राहू दे तसाच.

त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ लावली. चंद्र मोहाच्या वर आला होता. मी आणि मामी पायऱ्यांवर बसलो. मी आधी उजवा डोळा मिटला. सगळी दीपमाळ म्हणजे एकात एक मिसळलेली खळी, वरपासून खालपर्यंत एकच भरलेलं तेज. तुझ्या पहिल्या चित्राहूनही भरलेलं. मनात म्हटलं, हे कसं टाकून द्यायचं?

मग डावा मिटला आणि उजव्याने पाहिलं. प्रत्येक ज्योत वेगळी, तांदळाएवढी, आणि दोन ज्योतींच्या मध्ये स्वच्छ निळा अंधार. वरच्या अंगाला काही कोनाडे काळे होते. तिथले दिवे वाऱ्याने विझले होते.

पुन्हा डाव्याने पाहिलं. विझलेला एकही नाही. शेजारच्या दिव्यांची खळी पसरून त्यांनी ते कोनाडे झाकून टाकले होते.

मी मामीला विचारलं, मागे जेव्हा मला दोन्ही डोळ्यांनी असं दिसत होतं, तेव्हा विझलेल्या दिव्यांचं काय व्हायचं? तिने वर त्या काळ्या कोनाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी हात जोडून बसत होते, तवा म्या मागून जाऊन लावत होतो."

रुखमा, भय्याजी जाताना मला एवढंच म्हणाले होते की दिवा तेवत राहू दे. मला वाटत होतं मी ते पाळतो आहे. ते पाळणारी दुसरीच होती.

मी उठलो. शिडी लावून वर चढलो आणि विझलेले दिवे एकेक करून लावले. मामी खाली शिडी धरून उभी होती आणि "हळू, पाय पहा" म्हणत होती. पाय मला दिसत होते, पण मी तिला तसं सांगितलं नाही. शेवटचा दिवा पेटला तेव्हा वरूनच मी उजवा डोळा मिटला, आणि त्या खळ्याला हात जोडले. ते खोटं म्हणून नाही. पाहुणा म्हणून आलं होतं, पाहुण्यासारखं पोचवलं.

घरी येताना मी मामीला म्हटलं, आता मला वाट दिसते, पण तू पुढेच चाल. ती पुढे चालली. बांगड्या वाजत होत्या. मात्र ती गप्प होती. म्हणून बोलायचं काम मी केलं. बोडीपासून घरापर्यंत काय काय बोललो ते आठवत नाही. दारात आल्यावर ती म्हणाली, "बडबडे झाले तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघं भंडाऱ्याला गेलो, आणि मी डावा डोळाही करून आलो.

तुझा,
सेवकराम मामा